खिल्लारेंचा नियम सातवा

खिल्लारे भाऊ दार कधी वाजवायचे नाहीत. पायरीखाली उभं राहून दोनदा खोकायचे, एकदा लांब, एकदा आखूड. सिग्नल खात्यातल्या माणसाचं खोकणंसुद्धा तारेवर निरोप धाडल्यासारखं, असं आमचे हे म्हणायचे. मी आतून "आले हो" म्हटलं की बाहेरून ठरलेलं उत्तर यायचं, "सावकाश या आक्का, गाडी लेट हाय." गाडीबिडी काही नसायची. तो त्यांचा विनोद होता. चौदा वर्षं एकच विनोद, आणि दरवेळी तो करून झाला की स्वतःच खूश होऊन मिशीत हसायचे.

पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टरं समोरासमोर होती. मधे एक लिंबाचं झाड आणि एक नळ. आमचे हे लोको शेडमध्ये फिटर. तुळशीराम खिल्लारे सिग्नल मेंटेनर, म्हणजे सिग्नलच्या तारा, दिवे, स्टेशनातली यंत्रं नीट चालतात का ते बघायचं आणि बिघडली तर दुरुस्त करायची. उंच, काटकुळा माणूस. खिशात कायम दोन पेनं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. लग्न केलेलं नव्हतं. सोबत आई, सयाबाई. त्यांचं गाव पिंगळीच्या पलीकडं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून खेड्यापाड्यांत जे झालं त्यात सयाबाईंचं छप्पर जळालं, आणि भाऊ आईला घेऊन क्वार्टरवर आले. हे मला फार उशिरा कळलं. ते सांगत नव्हते आणि आम्ही विचारत नव्हतो. आता वाटतं, समोरासमोर राहून एवढं तरी विचारायला पाहिजे होतं.

मी चौथी शिकलेली, आणि ती चौथीही अर्धीच. आज ही पानं लिहायला बसले आहे ती खिल्लारे भाऊंच्या जिवावर. बसले तर सगळ्यांत आधी तो खोकलाच आठवला.

त्यांना नाद फार. दारू नाही, पत्ते नाहीत, विडीसुद्धा नाही. नाद रेडिओचा. साबणाच्या डबीत स्वतः जोडलेला रेडिओ आणि लिंबाच्या झाडावरून क्वार्टरच्या कौलापर्यंत ओढलेली तांब्याची तार. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की पायरीवर बसून कानाला भोंगा लावायचे आणि खुंटी फिरवत राहायचे. गाणी ऐकायची म्हणून नाही बरं का. गाणं लागलं तर ते पुढं जायचे. त्यांना पाहिजे असायचा लांबचा, अंधुक, खरखरीतला आवाज. कुठल्या तरी देशातली बाई काही तरी बोलायलीय, भाऊंना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण घड्याळ बघून वहीत टिपून घ्यायलेत. मग त्या रेडिओवाल्यांना पत्र टाकायचं, की अमक्या वेळी तुमचा आवाज इथं पूर्ण्यात आला, एवढा स्वच्छ, एवढा खरखरीत. आणि खरंच हो, दोन-तीन महिन्यांनी उत्तरं यायची! रंगीत कार्डं. एकावर बर्फाचे डोंगर, एकावर सोनेरी कळस, एकावर हरणासारखं कुठलं तरी जनावर. आमच्या पोस्टमनला भाऊंचा पत्ता तोंडपाठ होता.

सयाबाई त्या कार्डांना वैतागायच्या. "समद्या दुनियेला ठावं हाय ह्यो हितं ऱ्हातो म्हणून. एका सोयऱ्याला ठावं न्हाई. रेडिवसंगं लगीन लागलंय ह्याचं."

"असं म्हणता?" भाऊ म्हणायचे.

हे त्यांचं दुसरं वाक्य. पटलं नाही, राग आला, हसू आलं, काही असो, बाहेर यायचं एवढंच: "असं म्हणता?" त्यातलं कुठलं खरं ते आपण ओळखायचं.

दुसरा नाद बुद्धिबळाचा, तोही पोस्टकार्डावरचा. केरळात कुणी म्हातारे हेडमास्तर होते. ते एक चाल कार्डावर लिहून पाठवायचे, मग भाऊ आठ दिवस विचार करून आपली पाठवायचे. एक डाव तीन वर्षं चालला. मी म्हटलं, "अहो, समोर बसून खेळा की कुणाशी. आमचे हे खेळतील." तर म्हणाले, "आक्का, समोरचा माणूस तोंड बघतो. पोस्टकार्ड फकस्त चाल बघतं." मला तेव्हा वाटलं, हा बाबा लाजाळू आहे.

तर कादंबरी. तिचं मूळ म्हणजे गाडीत कुणीतरी विसरून गेलेलं एक इंग्रजी पुस्तक. पुढचं पान नाही, शेवटची पंचवीस-तीस पानं नाहीत. कुणी न्यायला आलं नाही म्हणून स्टेशनातल्या बाबूंनी भाऊंना देऊन टाकलं. भाऊ मॅट्रिक झालेले. शब्दकोश मांडीवर घेऊन दीड वर्ष ते वाचत होते. रक्त पिणाऱ्या माणसाची गोष्ट. मेलेला, पण मेला नाही असा. दिवसा झोपतो, माणसाच्या रूपात फिरतो, गोड बोलतो. वाचून संपलं, आणि शेवटच नाही! कुठल्याच दुकानात त्यांना तसलं पुस्तक सापडेना. नावच माहीत नव्हतं, विचारणार काय?

"मग मनलं, आपुनच लिवावं," ते मला म्हणाले. "शेवट कळंना म्हणून लिवायलोय, आक्का. दुसरं काई कारण न्हाई."

कारण बाकी पुष्कळ असावं. पण तेव्हा मीही तेवढ्यावरच समाधान मानलं.

त्यांच्या गोष्टीतला रक्त पिणारा पॅसेंजर गाडीनं येतो. एका जंक्शनच्या गावात उतरतो. लोक त्याला 'पाहुणा' म्हणतात. आणि लिहायच्या आधी भाऊंनी काय केलं असेल? पाहुण्याची नियमावली तयार केली. रेल्वेत नियमांचं जाडजूड पुस्तक असतं ना, तशी. एक वही, तिच्यावर लाल शाईनं आकडे. नियम एक, पाहुणा उन्हात बाहेर पडणार नाही. नियम दोन, पाहुणा आरशात दिसणार नाही. असे एकवीस नियम. "नियम हाय," असं ते पाहुण्याबद्दल बोलायचे, जणू त्याचीही बढती-बदली रेल्वेच करते.

ती वही मला वाचून दाखवायचे. ते पायरीवर, मी उंबऱ्याच्या आत, पुढ्यात भाजी निवडायची परात. मी म्हणायची, "भाऊ, बसा की वर ओट्यावर तरी." तर म्हणायचे, "हितंच बरं हाय, वारा लागतो." हे वाक्य ध्यानात ठेवा.

नियम चार असा होता की पाहुणा लसणाच्या वासाला भितो, जिथं लसूण आहे तिथं जात नाही. मी हसूनच गार झाले. "अहो, मग तो इथं उपाशी मरायचा. आपल्याकडं ठेच्याशिवाय भाकर खाणारं माणूस दाखवा मला. अख्ख्या परभणी जिल्ह्यात एक मान सापडायची नाही त्याला."

भाऊ गंभीर झाले. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी वहीत लाल रेघ मारून आणली आणि मला दाखवली: 'नियम चार रद्द. कारण: मराठवाडा.'

त्यांच्या अक्षराबद्दल बोलायचं तर, ते अक्षर नव्हतंच. दोन दिवसांनी त्यांना स्वतःला लागायचं नाही. एकदा मी किराण्याची यादी लिहून यांच्या हातात देत होते, ती भाऊंनी पाहिली आणि म्हणाले, "आक्का, तुमचं अक्षर फलाटावरच्या पाटीवाणी हाय. लांबून वाचता येतं. माझी स्वच्छ प्रत करून देता का?"

मी? मी त्याआधी यादी आणि माहेरची चार पत्रं सोडून काही लिहिलं नव्हतं. पण हो म्हटलं. वही भरली की त्या शनिवारी ते ती द्यायचे आणि आधीची घेऊन जायचे. दुपारी सगळं आवरलं की मी खाली बसून रेघांच्या कागदावर उतरवायची. अशा अकरा वह्या झाल्या. कुठं थांबायचं ते मला कळत नव्हतं, सगळं एका दमात लिहून काढायची. त्यांनी शिकवलं. "स्वल्पविराम म्हणजे गाडी हळू. पूर्णविराम म्हणजे सिग्नल पडला न्हाई, उभं ऱ्हावा. अन् परिच्छेद म्हणजे टेसन. मान्सं उतरू द्या, चढू द्या, मग फुडं." आजही नवा परिच्छेद करताना मला फलाट दिसतो.

युवक मंडळातली पोरं एकदा त्यांच्याकडं आली होती. नामांतराच्या मोर्च्याला जाऊन आलेली, तापलेली पोरं. त्यातला एक तावातावानं बोलायला लागला. मी नळावर पाणी भरत होते, सगळं ऐकू येत होतं.

"दादा, तुमी भुताखेताचं लिवायलाव? आपुन दीक्षा घेतली तवाच भुतं सोडली न्हवं?"

"सोडली म्हणूनच लिवायलोय. भेत असतो तर लिवलं असतं का?"

"अहो, पण भोगलेलं लिवा. आपलं लिवा. हे इंग्रजी लोकाचं रगत पिणारं भूत कशाला?"

"असं म्हणता?" भाऊ आत गेले आणि नववी वही घेऊन आले. उभ्यानं वाचायला लागले. त्यात गावात माणसं मरायलीत म्हणून गाव चवताळतं आणि रक्त पिणारा समजून एका साध्या, गरीब माणसाचं घर पेटवतं. म्हातारी आई आत असते, ती मागची भिंत फोडून निघते. सगळं गाव बघायलंय. आणि त्या गर्दीत सगळ्यांत पुढं, हातात मशाल धरून, पाहुणा उभा आहे. गोड हसायलाय. त्याला कुणीच ओळखत नाही.

तो बोलणारा पोरगा खाली बघून पायानं माती उकरायला लागला. सयाबाई दारात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि आत गेल्या. घागर भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नव्हता.

आता तो सातवा नियम. तो भाऊंनी मला सगळ्यांत उशिरा, नववी वही झाल्यावर वाचून दाखवला. पाहुणा कितीही ताकदवान असला तरी घरच्या माणसानं 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. तो दारात उभा राहून विचारतो, 'आत येऊ का?' कुणी 'या' म्हणालं नाही तर जन्मभर उभा राहील, पण आत येणार नाही.

मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "हा नियम पण चालायचा नाही बघा, भाऊ. लसणासारखाच. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला कुणीबी 'या' म्हणतं. वैऱ्याला सुद्धा पाणी विचारतात. तुमचा पाहुणा पहिल्याच दिवशी साऱ्या गावात शिरेल."

भाऊ पायरीवर बसले होते. लाल पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "असं म्हणता?"

एवढंच. वही मिटली, उठले, निघाले. मला वाटलं आता लाल रेघ मारून आणतील. नाही आणली.

पुढच्या शनिवारी दिली ती दहावी वही. त्यात पाहुणा एका क्वार्टरच्या दारात उभा आहे, आणि भाऊंनी ते सगळं त्याच्या बाजूनं लिहिलं होतं. तो बाहेरून घरातल्या फरश्या मोजतो. आत कपबश्या वाजतात त्या ऐकतो. भिंतीवर काय काय आहे ते दारातून दिसेल तेवढं पाठ करतो. कितीदा तरी आलाय, म्हणून त्याला ते घर अर्धं माहीत आहे, उजव्या हाताचं अर्धं. आणि घरातली बाई म्हणते, बसा की वर ओट्यावर. तर तो म्हणतो, इथंच बरं आहे, वारा लागतो.

माझा हात थांबला. खरंच सांगते, शाई सुकली टाकाच्या टोकाला. किती वर्षं तो माणूस माझ्या पायरीवर बसत होता. चहा मी त्याला बाहेरच नेऊन द्यायची. तो कप वेगळ्या फळीवर असायचा. सासूबाईंचं कडक होतं, हे खरं. पण सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तेव्हा ती सबब मी इथं लिहीत नाही. आणि मी त्यालाच सांगत होते की आपल्याकडं कुणीबी 'या' म्हणतं.

ते पान मी उतरवलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

शनिवारी खोकला आला. लांब, मग आखूड. मी दारात गेले आणि म्हटलं, "आत या, भाऊ."

"हितंच बरं हाय, वा..." एवढं म्हणून ते थांबले. माझ्याकडं बघितलं. मी पान वाचलंय, हे त्यांना कळलं.

"आज वारा नाही," मी म्हटलं.

त्यांनी चपला काढल्या. आत आले आणि यांच्या ट्रंकेवर अगदी कडेला बसले. मी घरच्यांच्या कपात चहा दिला. घोटभर चहा घेऊन डाव्या भिंतीकडं बघत म्हणाले, "आक्का, तुमचं घड्याळ सात मिन्टं मागं हाय. भाईरून दिसत न्हवतं." आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.

त्यांनी मला कधी काही सुनावलं नाही, मी कधी माफी मागितली नाही. मागायला पाहिजे होती. ती राहून गेली ती राहूनच गेली.

अकरा वह्या संपल्या. कादंबरीचं नाव 'आत येऊ का?' स्टेशनावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्या छोट्या रहस्यकथा दोरीला चिमटे लावून टांगलेल्या असायच्या ना, तशी आपली टांगलेली बघायची, एवढीच भाऊंची इच्छा. पुण्याच्या एका प्रकाशकाला गठ्ठा पाठवला. उत्तर आलं तर काय, पसंत! भाऊ त्या दिवशी खोकायचं विसरले, तसेच दारात. पण पत्राला शेपूट होतं. अशा पुस्तकांना नाव कसं भारदस्त, खानदानी लागतं, वाचकाला तशी सवय आहे, तरी आपण टोपणनाव घ्यावं. आणि त्यांनीच सुचवलं होतं: 'विक्रांत सरंजामे'. मान्य असल्यास नव्या नावाचं पहिलं पान लिहून पाठवा, लगेच छपाईला घेतो.

आमचे हे म्हणाले, "घ्या की राव. नावात काय ठेवलंय? पुस्तक तर निघंल. तुमचं तुमाला ठावं असलं म्हंजे झालं."

"अन् नावात काई न्हाई तर त्यांला बदलून कामून पाहिजे?" भाऊ म्हणाले. पण मोह झाला होता. का होऊ नये? सहा वर्षं लिहीत होता माणूस. जुन्या टाइम-टेबलाच्या मागं त्या नव्या नावानं सह्या करून बघितल्या होत्या, मला दाखवल्या. दोन-चार दिवसांनी म्हणाले, "लिवा आक्का. पैलं पान लिवा." मी त्यांच्या क्वार्टरवर बसून लिहिलं. वर कादंबरीचं नाव, खाली विक्रांत सरंजामे. चांगलं ठसठशीत लिहिलं. मलाही पुस्तक निघायला पाहिजे होतं.

सयाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एक गोष्ट येत होती. दारावर पत्र्याची पाटी होती, भाऊंनी स्वतः रंगवलेली, तुळशीराम खिल्लारे. सयाबाई ती रोज पदरानं पुसायच्या. पुसून पुसून ते नाव त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं. त्यांनी कागद ओढून घेतला.

"ह्यात डोळ्याचं अक्षर कुठंय?"

"कंचं, माय?"

"आपल्या पाटीवर दुसरं अक्षर हाय, दोन डोळ्याचं. ते न्हाई ह्यात." त्यांनी सगळ्या ओळीवरून बोट फिरवलं. "हे आपलं न्हाई. कुणाचं हाय? देऊन टाक ज्याचं त्याला."

आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

भाऊंनी तो कागद दुमडून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आक्का, कोरा कागद द्या. हे पान मी लिवतो." त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचता येईल असं अक्षर काढलं. जीभ दाताखाली धरून, पाटी रंगवल्यासारखं. तुळशीराम खिल्लारे. खाली पुण्याला चार ओळी, की याच नावानं छापणार असाल तर छापा.

चार महिन्यांनी गठ्ठा परत आला. आमचीच दोरी, आमचीच गाठ.

त्यानंतर महिनाभर खोकला आला नाही. लिंबावरची तार वाऱ्यानं सुटली होती, ती त्यांनी बांधली नाही. केरळचं कार्ड येऊन पडलं होतं, त्याला उत्तर गेलं नव्हतं. मी समोरून बघायची आणि मला वाटायचं, ते नवं नाव मी एवढं ठसठशीत लिहिलं, पण त्यांना नको म्हणायचं मला का सुचलं नाही?

मग एक दिवस खोकला. लांब, आखूड. "आक्का, छापखाना गावला."

परभणीत एक छापखाना होता, लग्नपत्रिकांचा. नजीरभाई म्हणून एकटे अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांचं म्हणणं, लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नाही, पण चातुर्मासात लग्नं बंद, तेव्हा तुमचं करतो. तर आमची रक्त पिणाऱ्याची कादंबरी चातुर्मासात छापली गेली. एक नाही, तीन चातुर्मास लागले! तुळशीचं लग्न लागलं की काम बंद, पुन्हा आषाढात सुरू. नजीरभाई खिळे जुळवता जुळवता वाचायचे आणि घाबरायचे. भाऊ प्रुफं आणायला गेले की आधी विचारायचे, "साब, वो पाहुणा आगे किधर जाता? मेरे को बोल दो, मेरा जी घबराता." आणि छापखान्यात चित्रांचे ठसे म्हणाल तर लग्नाचेच. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, एवढं रक्त सांडल्यावर, खाली कलश आणि आंब्याची पानं.

सयाबाई म्हणाल्या, "पत्रिकेच्या छापखान्यात गेला एकदाचा. पर निघालं काय, तर ह्यो पाहुणा."

शेवटच्या पानाचं प्रूफ आलं त्या दिवशी मी पाहिलेला भाऊंचा चेहरा विसरणार नाही. शेवट काय करायचा यावरून आमची किती वादावादी झाली होती. त्यांनी शेवट केलाच नव्हता. पाहुणा पुन्हा एका दारात उभा राहतो, आत दिवा आहे, आत बाई आहे. तो विचारतो, 'आत येऊ का?' आणि संपलं. मी म्हणायची, "अहो, ती काय म्हणते ते तर लिहा!" ते म्हणायचे, "ते वाचणारानं ठरवावं."

प्रुफात त्या ओळीखाली, मधोमध, कलशाच्या वर, छापलं होतं: 'अगत्य येण्याचे करावे.'

नजीरभाईंचा हात! पान संपत आलं, खाली जागा उरली, की वीस वर्षांच्या सवयीनं हात त्या खिळ्यांकडं गेला. ते कानाला हात लावत होते म्हणे, "तौबा साब, आदत है हाथ की. अब्बी निकालता."

"मग काढलं का?" मी विचारलं.

"न्हाई," भाऊ म्हणाले. "राहू द्या मनलं." आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, ट्रंकेवर बसून. मग डोळे पुसून म्हणाले, "आक्का, तुमचं खरं निघालं बगा. आपल्याकडं कुणीतरी म्हणतंच."

पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे, 'स्वच्छ प्रत: सुभद्रा'. छापायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "कसं घालू? मालकांच्या नावासकट का नुसतं तुमचं?" मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नुसतं. त्या एका ओळीनं मला पुढं काय काय लिहायला लावलं, ते सांगत बसले तर हे माझंच पुराण होईल.

पहिली प्रत सयाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदरानं पुसली. बोट फिरवलं, दुसऱ्या अक्षरावर थांबलं. "हाय," म्हणाल्या. मग उघडून, उलटीसुलटी करून विचारलं, "आत काय लिवलंय रं?"

"एक पाहुणा येतो, माय."

"मग जेवला का त्यो?"

स्टॉलवाल्यानं चार प्रती टांगल्या. भाऊ दिव्याचं निमित्त काढून सारखे फलाट एकवरच. मला म्हणाले, "एक बाई घेऊन गेली आक्का. नांदेड पॅसेंजरला. जागेवर बसायच्या आदी वाचाय लागली." बाकीच्या प्रती कुठं कुठं गेल्या माहीत नाही. पुस्तक काही गाजलं नाही. केरळच्या हेडमास्तरांनाही एक पाठवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांचं कार्ड आलं: पुस्तक पोचलं, आनंद झाला, आणि खाली चाल.

नामांतराचा निकाल लागला त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, काझीपेठ की कुठं. सामान आधीच गेलं होतं. आम्ही दोघं त्यांना गाडीवर सोडायला गेलो. सयाबाईंच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली ती पत्र्याची पाटी. डब्यात ही गर्दी. मी खिडकीशी उभी होते. विचारलं, "गाडी वेळेवर आहे ना?" तर म्हणाले, "हाय ना. आजच मेली येळेवर आली."

तेवढ्यात डब्याच्या दारात एक माणूस आला. डोक्यावर बोचकं, मागं बायको. आत पाय ठेवावा की नको अशा बेतानं उभा राहिला. बाकावरची माणसं पाय पसरून म्हणायला लागली, "जागा न्हाई, जागा न्हाई, फुडल्या डब्यात बघा." तो माणूस मागं सरकायला लागला. गाडीनं शिट्टी दिली.

"या की," आतून भाऊंचा आवाज आला. "आत या, आत या. माय, जरा सरक तिकडं." आणि स्वतः उठून उभे राहिले.

गाडी हलली. भाऊंनी वळून खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मिशीत हसले, आणि दोन्ही हात वर करून सात बोटं दाखवली.